चुइटेल एजिओफोर आणि जळालेली मोटर

रिझल्टच्या दिवशी हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांना भूक लागते ती, आणि ज्यांना लागत नाही ती. पाचव्या सेमचा रिझल्ट लागला त्या रात्री मी दुसऱ्या प्रकारात होतो. 'इलेक्ट्रिकल मशीन्स'ला सहा मार्कांनी उडालो होतो. मेसमध्ये नेमकी त्याच दिवशी फीस्ट. खालून गुलाबजामचा वास येतोय आणि मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलोय, असा सीन.

माझा रूममेट ऑल क्लियर होता, त्यामुळे अत्यंत प्रेमळ झाला होता. म्हणाला, "ऊठ, पिक्चर बघू. मंगळावर एकटाच अडकलेल्या माणसाचा आहे. त्याच्यापुढे तुझी केटी म्हणजे किस झाड की पत्ती!" लॅपटॉप टेबलावर ठेवला, विंगमधली अजून तीन-चार दुःखी आत्मे गोळा झाली आणि 'द मार्शियन' सुरू झाला.

त्यात नासाचा एक मोठा अधिकारी आहे. नाव व्हिन्सेंट कपूर. आणि हे नाव घेऊन पडद्यावर येतो एक कृष्णवर्णीय माणूस! सगळ्यांनी एकदम पॉज मारायला सांगितलं. "कपूर? हा कुठल्या अँगलनी कपूर?"

मग नेहमीप्रमाणे पिक्चर राहिला बाजूला आणि संशोधन सुरू झालं. कळलं ते असं : अँडी विअरच्या मूळ कादंबरीत हा वेंकट कपूर आहे. २०१५ च्या सिनेमात त्याचा व्हिन्सेंट झाला आणि वडील हिंदू, आई बॅप्टिस्ट असं एक वाक्य त्याच्या तोंडी घालून हिशोब जुळवला गेला. आधी आपल्या इरफान खानला विचारणा झाली होती म्हणे, पण तारखा जुळल्या नाहीत. अमेरिकेतल्या आशियाई लोकांच्या एका संघटनेनं या निवडीवर तक्रारही केली होती. तक्रार रास्तच होती. पण प्ले दाबल्यावर गंमत झाली. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही त्याचं आडनाव विसरलो. मॅट डेमन मंगळावर बटाटे लावत होता, आणि पृथ्वीवर हा माणूस रात्रीची झोप सोडून त्याला परत आणायची खटपट करत होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. फार मोठ्यानं न रडता काळजी करणारे डोळे. असे डोळे मी आधी कुठेतरी पाहिले होते, पण कुठे ते तेव्हा आठवलं नाही.

"अरे, हा तर '२०१२' मधला सायंटिस्ट!" रूममेट ओरडला. बरोबर. जगबुडीच्या त्या २००९ सालच्या सिनेमात सुरुवातीलाच जो भूगर्भशास्त्रज्ञ भारतातल्या तांब्याच्या खाणीत उतरतो, तोच. टीव्हीवर हिंदीत डब केलेला '२०१२' आपण सगळ्यांनी किमान तीनदा पाहिलाय, पण त्याचं नाव एकालाही माहीत नव्हतं.

नाव आहे चुइटेल एजिओफोर. मला ते नीट घ्यायला दोन दिवस लागले. विंगमध्ये अजूनही त्याला 'कपूर'च म्हणतात.

*

पुढचे दोन आठवडे मी केटीचा अभ्यास करायला हवा होता. मी या माणसाचा अभ्यास केला. (हे वाक्य आमच्या एचओडी सरांनी वाचू नये, ही नम्र विनंती.)

चुइटेलचा जन्म १९७७ चा, लंडनच्या पूर्व भागातल्या फॉरेस्ट गेटचा. आई-वडील नायजेरियातले, इग्बो समाजातले. वडील अरिन्झे हे डॉक्टर, शिवाय गाणारे. आई ओबिआजुलू फार्मासिस्ट. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गावाकडून शहरात आलेलं, शिकलेलं, पोरांच्या शिक्षणावर जीव टाकणारं घर. फक्त गाव लागोसच्या पलीकडे आणि शहर लंडन.

१९८८ मध्ये चुइटेल अकरा वर्षांचा होता. वडिलांबरोबर एका लग्नासाठी नायजेरियाला गेला होता. लग्न झालं. परत लागोसकडे येताना त्यांच्या गाडीची लॉरीशी टक्कर झाली. वडील गेले. चुइटेल जबर जखमी झाला. त्याच्या कपाळावर आजही त्या अपघाताचे व्रण आहेत. सिनेमात नीट पाहिलं तर दिसतात. मी '२०१२' तीनदा पाहूनही मला दिसले नव्हते.

त्याची धाकटी बहीण झेन ॲशर पुढे सीएनएनची वृत्तनिवेदक झाली. तिनं २०२२ मध्ये आपल्या आईवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या फोनबद्दल आहे. लंडनच्या घरी फोन आला आणि आईला सांगण्यात आलं की तुमचा नवरा आणि मुलगा अपघातात सापडलेत, दोघांपैकी एक जण गेलाय, पण कोण ते आम्हाला माहीत नाही.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला. त्या बाईनं फोन ठेवल्यापासून खरी बातमी कळेपर्यंतचा वेळ कसा काढला असेल? काय मागितलं असेल तिनं देवाकडे? मागणार तरी काय?

पुढे त्या माउलीनं चारही पोरं एकटीनं वाढवली. औषधाच्या दुकानात काम करून. ती वर्तमानपत्रांतून यशस्वी कृष्णवर्णीय माणसांच्या बातम्या कापून घराच्या भिंतींवर चिकटवायची, पोरांना येता-जाता दिसाव्यात म्हणून. आपल्याकडे दहावीच्या वर्षी आई बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो दाखवते आणि आपल्याला राग येतो. पण ज्या देशात आपल्यासारखा चेहरा टीव्हीवर क्वचित दिसतो, तिथे त्या कात्रणांचा अर्थ वेगळा असणार. "हे होऊ शकतं" एवढं ती भिंत सांगत होती.

*

शाळेत चुइटेलला नाटकाचा नाद लागला. डलिच कॉलेज नावाच्या नामांकित शाळेत तो शेक्सपियर करायचा. मग नॅशनल यूथ थिएटर, मग 'लॅम्डा' ही लंडनची प्रसिद्ध नाट्यशिक्षण संस्था. आणि तिथे पहिलंच वर्ष होतंय तोवर स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'अमिस्टाड'मध्ये (१९९७) काम मिळालं. वय एकोणीस. त्यानं कोर्स सोडला आणि गेला.

इथे मी थांबलो. एकोणिसाव्या वर्षी कोर्स सोडला! मी वीस वर्षांचा. म्हणजे मला आधीच एक वर्ष उशीर झाला होता!

आता माझी बाजू सांगायला हवी. मलाही नाटकाचा नाद आहे. फर्स्ट इयरपासून कॉलेजच्या एकांकिकेच्या ऑडिशनला जातो. पण मी पहिलीपासून कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठीत बोललं की दंड व्हायचा, एका शब्दाला एक रुपया. (गणितात हुशार असल्यामुळे मी मधल्या सुट्टीत मोजूनमापून बोलायचो.) घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि गल्लीत तिसरंच काहीतरी. परिणाम असा की माझा 'ळ' कधी 'ल' होतो, 'ण' चा 'न' होतो आणि 'अठ्ठावन्न' म्हटलं की मला आधी मनातल्या मनात 'फिफ्टी एट' करावं लागतं. यंदाच्या ऑडिशनला मी शेतकऱ्याच्या मुलाचा उतारा वाचला. एक सीनियर शांतपणे म्हणाला, "ॲक्टिंग चांगली आहे रे, पण तुझा शेतकरी एमबीए झालेला वाटतो." सगळे हसले. मीही हसलो. मग मला रोल मिळाला अमेरिकेहून आलेल्या भाच्याचा. तीन वाक्यं, त्यातली दोन 'ओह माय गॉड'. मी नाही म्हणून सांगितलं आणि रूमवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. (या भिंतीचे माझ्यावर फार उपकार आहेत.)

म्हणजे बघा. नाटकात मराठी धड नाही आणि मशीन्समध्ये मार्क नाहीत. त्यात हे वाचलं. डोक्यात एक किडा वळवळायला लागला की सोडून द्यावं का इंजिनिअरिंग? चुइटेलनं नाही का सोडलं?

पण मी 'अमिस्टाड' शोधून पाहिला आणि किडा थोडा गप्प झाला. त्यात चुइटेलचा रोल आहे जेम्स कोव्ही या दुभाष्याचा. जहाजावरून पकडून आणलेल्या आफ्रिकन लोकांची मेंडे भाषा कोर्टात इंग्लिशमध्ये सांगणारा माणूस. आता चुइटेल लंडनमध्ये वाढलेला, घर इग्बो. मेंडे ही पार सिएरा लिओनकडची भाषा, म्हणजे त्याच्या घरची नव्हेच. ती त्यानं रोलसाठी शिकून घेतली. एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर अँथनी हॉपकिन्स आणि मॉर्गन फ्रीमन, आणि तोंडात उसनी भाषा. आणि मी? मी माझ्या स्वतःच्या आईच्या भाषेतला 'ळ' येत नाही म्हणून रोल सोडून आलो होतो.

त्यानं कोर्स सोडला तो काम हातात आल्यावर. मी सोडणार होतो ते काम जमत नाही म्हणून. दोन्हीला 'सोडणं' असाच शब्द आहे, पण गोष्टी दोन वेगळ्या.

*

'अमिस्टाड'नंतर तो लगेच हॉलिवूडचा स्टार झाला, असं काही झालं नाही. तो लंडनला परत आला आणि रंगभूमीवर काम करत राहिला. २००० साली नॅशनल थिएटरमध्ये 'ब्लू/ऑरेंज' नावाचं नाटक केलं. मनोरुग्णालयातला एक पेशंट, ज्याला संत्री निळी दिसतात आणि जो स्वतःला इदी अमीनचा मुलगा समजतो. दोन डॉक्टर त्याच्यावरून भांडताहेत. ते दोन डॉक्टर म्हणजे बिल नाई आणि अँड्र्यू लिंकन. तीन वर्षांनी हेच तिघं 'लव्ह ॲक्चुअली'मध्ये होते. त्यातला तो पाट्यांचा सीन सगळ्या हॉस्टेलला पाठ आहे. दाराबाहेर उभा राहून पाट्या दाखवणारा तो अँड्र्यू लिंकन. आणि घरात टीव्ही बघत बसलेला बिचारा नवरा, तो आपला चुइटेल!

पण ज्यानं त्याचं नाव खरं केलं तो सिनेमा म्हणजे 'डर्टी प्रिटी थिंग्ज' (२००२). ओक्वे नावाचा नायजेरियन डॉक्टर लंडनमध्ये कागदपत्रांशिवाय राहतोय. दिवसा टॅक्सी चालवतो, रात्री हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा राहतो. झोप येऊ नये म्हणून कसलीशी पानं चघळतो. त्याला एका खोलीच्या तुंबलेल्या संडासात माणसाचं हृदय सापडतं आणि तिथून गोष्ट सुरू होते. पुढचं सांगत नाही. पण त्यातलं लंडन पाहून मी चक्रावलो. बिग बेन नाही, लाल बस नाही. स्वयंपाकघरं, तळघरं, भाड्याच्या खोल्या. शहर चालवणारी आणि शहराला न दिसणारी माणसं.

त्या रात्री मला आमच्या हॉस्टेलवरचा एक पीजीचा विद्यार्थी आठवला. आफ्रिकन होता. आम्ही सगळे त्याला 'नायजेरियन' म्हणायचो. तो कधी काही बोलला नाही, हसून हात करायचा. दोन वर्षांनी कॉलेज सोडताना त्यानं मला नो-ड्यूजच्या फॉर्मवर 'नॅशनॅलिटी' दाखवली. टांझानिया. नकाशात बघा, नायजेरिया पश्चिमेला, टांझानिया पार पूर्वेला. मला सगळे 'मद्रासी' म्हणाले असते तर मी दोन वर्षं हसलो असतो का?

चुइटेलच्या भूमिकांची यादी पाहिली तर डोकं गरगरतं. 'किंकी बूट्स'मध्ये (२००५) बाईच्या वेशात गाणारी लोला, जी नॉर्थॅम्प्टनच्या बुटांच्या कारखान्याला वाचवते. यासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन. २००७ मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या लहानशा थिएटरमध्ये ऑथेल्लो, समोर इयागो म्हणून इवान मॅक्ग्रेगर. २००८ मध्ये त्यासाठी ऑलिव्हिए पुरस्कार. नंतर 'डॉक्टर स्ट्रेंज'मधला मोर्डो, तो तर सगळ्यांना माहीतच आहे. एकाच माणसानं ऑथेल्लोही करायचा आणि मार्व्हलही. आमच्याकडे प्रायोगिक करणारा सीनियर गॅदरिंगच्या नाटकाला नाक मुरडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

*

आता 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह'. हा सिनेमा मी एकट्यानं पाहिला आणि एका बैठकीत पाहू शकलो नाही.

सॉलोमन नॉर्थप हा खराखुरा माणूस. न्यूयॉर्क राज्यात साराटोगाला राहणारा, स्वतंत्र, व्हायोलिन वाजवणारा, बायकामुलांचा. १८४१ मध्ये त्याला कामाचं आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेलं, पळवलं आणि गुलाम म्हणून लुईझियानात विकलं. नाव काढून घेतलं, दुसरं दिलं. बारा वर्षांनी, १८५३ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं.

दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्क्वीननं हा रोल देऊ केला तेव्हा चुइटेल आधी कचरला होता. त्याआधी तो नायजेरियात 'हाफ ऑफ अ यलो सन'चं शूटिंग करत होता. चिमामांडा अडिचीच्या कादंबरीवरचा, १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धाचा सिनेमा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या इग्बो माणसांची कहाणी. शूटिंग कलाबार शहरात होतं. कलाबार हे एके काळी गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर, तिथून असंख्य इग्बो माणसं जहाजात भरून नेली गेली. निघण्याआधी तो तिथलं गुलामगिरीचं संग्रहालय पाहायला गेला. आणि तिथून थेट लुईझियानाला, सॉलोमन व्हायला. जो प्रवास त्या लोकांनी साखळदंडात केला, तोच यानं विमानाचं तिकीट काढून केला. त्यानं मुलाखतीत ही गोष्ट सांगितलीय.

त्या सिनेमात एक सीन आहे. सॉलोमनला फासावर टांगतात, पण पुरतं मारत नाहीत. तो नुसत्या पायाच्या बोटांवर, चिखलात, घसरत उभा राहतो. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. मागे इतर गुलाम आपापल्या कामाला लागतात. पोरं खेळतात. वेळ जात राहतो. मी स्पेसबार दाबला, बाहेर जाऊन पाणी प्यायलो, परत आलो. तो तसाच उभा होता.

या कामासाठी त्याला बाफ्टा मिळाला आणि ऑस्करचं नामांकन. २ मार्च २०१४ ला सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, लुपिता न्योंगोलाही मिळालं. त्याला नाही मिळालं, मॅथ्यू मॅकॉनहेला गेलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारनं त्याला सीबीई हा किताब दिला. पण मला वाटतं, त्या बाईनं भिंतीवर कात्रणं लावली होती त्या घरात २०१४ साली मुलाचंच कात्रण लावायची वेळ आली असणार, आणि ते ऑस्करपेक्षा लहान नसणार.

*

आणि मग पाहिला तो सिनेमा, ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो. 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' (२०१९). दिग्दर्शन चुइटेलचं, पटकथा चुइटेलची, आणि बापाची भूमिकाही त्याचीच.

गोष्ट खरी आहे. मलावी देशात कासुंगू जिल्ह्यातलं विंबे गाव. २००१-०२ चा दुष्काळ. विल्यम कामक्वाम्बा हा चौदा वर्षांचा मुलगा. वर्षाची ८० डॉलर फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. तो गावच्या लायब्ररीत जाऊन बसायला लागला. तिथे 'युझिंग एनर्जी' नावाचं अमेरिकन शाळांतलं पुस्तक मिळालं, मुखपृष्ठावर पवनचक्क्या. इंग्लिश नीट येत नव्हतं, म्हणून तो आधी आकृत्या बघायचा आणि मग त्या आकृतीचे शब्द शोधायचा. (आम्ही नेमकं उलट करतो. शब्द पाठ आणि आकृती ऑप्शनला!) त्यानं भंगारातून ट्रॅक्टरचा पंखा आणला, शॉक ॲब्सॉर्बर आणला, पीव्हीसी पाइप आगीवर तापवून चपटे करून त्याची पाती केली, सायकलची फ्रेम घेतली आणि सायकलचा डायनॅमो. लाकडी मनोऱ्यावर हे सगळं चढवलं आणि घरात दिवा लावला. सिनेमात पवनचक्की थेट शेताला पाणी देते. प्रत्यक्षात पहिल्या चक्कीवर दिवे आणि रेडिओ चालले, पाण्याचं काम पुढच्या टप्प्यात झालं. विल्यम पुढे अमेरिकेत डार्टमथला पर्यावरणशास्त्र शिकला आणि २०१४ मध्ये पदवीधर झाला.

त्याचं पुस्तक आलं २००९ मध्ये. चुइटेलनं ते वाचलं आणि सिनेमा पडद्यावर यायला दहा वर्षं गेली. शूटिंग त्यानं खरोखर मलावीत, त्याच गावाच्या परिसरात केलं. सोपा मार्ग होता, सगळ्यांना इंग्लिश बोलायला लावायचं. पण त्यातली माणसं घरात चिचेवा बोलतात, म्हणून हाही चिचेवा शिकला. 'अमिस्टाड'ला मेंडे, इथे चिचेवा. एकोणिसाव्या वर्षीही शिकत होता आणि चाळिशीतही. एमबीए झालेला शेतकरी त्यानं केला नाही.

सिनेमात बापाकडे एकच सायकल आहे. पोरगा म्हणतो, ती मला द्या, मला ती कापायचीय. उपाशी घरातली शेवटची किमतीची वस्तू. बाप देत नाही. चिडतो. त्याला पवनचक्की कळत नाही, त्याला पोराचं शिक्षण बुडाल्याची लाज कळते. अकराव्या वर्षी ज्याचा बाप गेला, तो माणूस इथे बाप होऊन उभा होता. आणि तेव्हा मला आठवलं की ते डोळे मी कुठे पाहिले होते.

माझे पप्पा तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. आमच्याकडे 'मोटर भरणं' म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये विहिरींच्या मोटरी जळतात, शेतकरी त्या मोटरसायकलवर बांधून आणतात आणि पप्पा रात्री दोनपर्यंत कॉइल भरत बसतात. बोटांना कायम वार्निशचा वास. मला कॉन्व्हेंटला घातलं ते त्याच पैशांवर. आणि शाळेत 'फादर्स ऑक्युपेशन' विचारलं की मी 'बिझनेस' लिहायचो. दुकानावर मी शेवटचं कधी बसलो, आठवत नाही.

मशीन्सच्या व्हायवाला एक्स्टर्नलनं मला विचारलं होतं, "थ्री फेज मोटरची एक फेज गेली तर काय होतं?" मी पुस्तकातलं धडाधड म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "जळालेलं वाइंडिंग समोर ठेवलं, तर सिंगल फेजिंगनं जळालं हे ओळखशील कसं?" मी गप्प. मोटर भरणाऱ्याचा मुलगा, आणि गप्प.

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी पप्पांना फोन लावला. एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलास?" "हो." "पैसे आहेत?" "आहेत." एवढाच. केटीचं तर मी सांगितलंच नव्हतं. पप्पा घाबरले. "काय रे, बरं आहे ना?"

मी म्हणालो, "पप्पा, सायकलच्या डायनॅमोवर पवनचक्की चालेल का?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "चालेल की. पण पंखा सावकाश फिरणार, डायनॅमोला तर वेग लागतो. मग सायकलचं चाकच मध्ये घालायचं. चाक एवढं मोठं, डायनॅमोची चकती एवढीशी. चाकाच्या एका फेऱ्यात ती तीस-एक फेरे घेईल. आणि बॅटरी भरायची असली तर मध्ये डायोड टाकायला लागेल, डायनॅमो एसी देतो."

विल्यमनं नेमकं हेच केलं होतं. माझ्या पप्पांनी तो सिनेमा पाहिलेला नाही, ते पुस्तक वाचलेलं नाही. मी मग व्हायवातला प्रश्न विचारला. ते हसले. "सोपं आहे. स्टारची मोटर असेल तर दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात, तिसरी नवीकोरी राहते. डेल्टाची असेल तर एकच जळते. उघडल्या उघडल्या कळतं. अरे, तू लहानपणी दुकानात काळ्या कॉइली मोजत बसायचास, विसरलास?"

विसरलो होतो.

मग मी सांगून टाकलं. मशीन्सला केटी लागली, सहा मार्कांनी, तीन आठवडे झाले. पप्पा काहीच बोलले नाहीत. मागे दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे ते अजून दुकानातच होते. मला वाटलं, आता चिडतील. शेवटी त्यांनी विचारलं, "फॉर्म भरायची लास्ट डेट कधी आहे? पैसे उद्या पाठवतो."

*

एवढंच सांगायचं होतं. आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेनं हा लेख मला तीनदा परत दिला, प्रत्येक वेळी लाल पेननं भरून. पहिल्या वेळी चाळीस चुका होत्या, तिसऱ्या वेळी अकरा. 'ळ' लिहिताना जमतो, बोलताना अजून घसरतो. पुढच्या ऑडिशनला परत जाणार आहे. भाच्याचा रोल मिळाला तरी करीन.

मेमध्ये घरी जातोय. केटीचा पेपर झाला की पंधरा दिवस दुकानात बसायचं ठरलंय, तो मोटरींचा सीझन असतो. पप्पांना चुइटेलबद्दल सगळं सांगितलं. नाव दोनदा म्हणून बघितलं त्यांनी, जमलं नाही. मग म्हणाले, "सुट्टीत येशील तेव्हा तो सायकलवाला पिक्चर घेऊन ये. बघू त्यानं वायर कुठल्या गेजची वापरली ते."